जनरलसाहेबांचा खडबडीत रणगाडा

जनरलसाहेबांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. ते एका विमा कंपनीच्या दावे विभागात हेडक्लार्क होते, आणि तिथेही भांडणाची फाईल आली की ती हळूच शेजारच्या टेबलावर सरकवायची, एवढंच त्यांचं युद्धशास्त्र. तरी अख्खी इमारत त्यांना जनरलसाहेब म्हणायची, कारण त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात रणगाड्यांची फौज उभी होती. वीत-वीतभर लांबीचे, प्लास्टिकचे, सगळे दुसऱ्या महायुद्धातले आणि सगळे जर्मन. जर्मनच का, असं कुणी विचारलं तर साहेब म्हणत, "त्यांच्या गाड्यांवर तपशील फार." त्या लोकांच्या राजकारणाबद्दल साहेबांचं मत अत्यंत वाईट होतं, आणि ते कुणी न विचारताही सांगून टाकत. उगाच गैरसमज नको.

या प्रकरणाची सुरुवात झाली ती मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात. हौशी प्रतिकृतीकारांचं एक मंडळ दरवर्षी एका सभागृहात आपापली मॉडेल्स मांडतं आणि त्यांना बक्षिसं देतं. परीक्षक दोन, पण चालायचं ते एका उंच, किडकिडीत, निवृत्त गृहस्थांचं. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. साहेबांच्या रणगाड्यासमोर ते थांबले, भिंग डोळ्याला लावलं, बोट फिरवलं आणि भर सभागृहात म्हणाले, "हा रणगाडा कारखान्यातून आलेला नाही. हा सलूनमधून आलाय. काय गुळगुळीत दाढी केलीय हो!"

सभागृह हसलं. त्याचं साहेबांना इतकं वाटलं नाही. सभागृहाचं कामच ते असतं. पण हसणाऱ्यांत त्यांची बायकोही होती, आणि ती नुसती हसली नाही, तिला ठसका लागला.

बायको घरी भूमितीच्या शिकवण्या घ्यायची. तिच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पलंगावर, खुर्च्यांवर, फ्रिजवर, जिथे जागा मिळेल तिथे पसरलेल्या असत, आणि तिचा काचेच्या कपाटावर जुना डोळा होता. त्या प्रदर्शनाहून परतताना ती म्हणाली, "अहो, रागावू नका, पण यंदाही काही मिळालं नाही. पुढच्या वर्षीही नाही मिळालं तर ते कपाट मला द्या."

साहेब तापलेले होतेच. "नाही मिळालं तर सगळे रणगाडे मी माझ्या हाताने माळ्यावर चढवीन!"

"मी ऐकलंय हं, जावईबापू," मागून सासूबाई म्हणाल्या. सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या आणि एरवी त्यांना तीनदा सांगितल्याशिवाय काही ऐकू येत नसे.

माळ्यावर गेलेली वस्तू त्या घरात पुन्हा कुणी पाहिली नव्हती. साहेबांचा एक पंखा, एक सतरंजी आणि पेटी वाजवण्याची हौस, तिन्ही तिथेच गडप झाली होती. तेव्हा पुढचं वर्ष म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

भिंगवाल्यांचं म्हणणं मात्र खरं होतं, हे साहेबांना घरी येऊन पुस्तकं उघडल्यावर कळलं. युद्धाच्या मधल्या काळात जर्मनांना अशी धास्ती पडली, की शत्रूचा सैनिक धावत येऊन आपल्या रणगाड्याला चुंबकाने सुरुंग चिकटवेल. म्हणून कारखान्यातच रणगाड्याच्या अंगावर एक जाडसर लेप थापत आणि तो ओला असतानाच दातेरी पत्र्याने त्यावर रेघा ओढत. अंग खडबडीत झालं की चुंबक पोलादापासून लांब राहतं, चिकटत नाही. गंमत म्हणजे असले चुंबकी सुरुंग मुख्यतः जर्मनांकडेच होते. आपल्याला जे सुचलं ते दुसऱ्यालाही सुचेल या भीतीने त्यांनी हजारो गाड्या लिंपून काढल्या.

साहेबांनी हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे घराला तीन कुलपं लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणाऱ्या माणसासारखंच." साहेबांच्या घराला तीन कुलपं होती. किल्ली कुठे असते हे इथे सांगत नाही.

साहेबांनी पँथर जातीचा एक नवा रणगाडा आणला, तो सांधून जेवणाच्या टेबलावर उभा केला आणि लेपाच्या शोधाला लागले. आता असल्या कामात सल्ला मागायचा नसतो. पण त्यांनी जिन्यात तळमजल्यावरच्या ठेकेदारासमोर नुसता लेप हा शब्द उच्चारला, आणि ठेकेदार डबा घेऊन वर हजर.

"भिंतीची पुट्टी," तो म्हणाला. "पाच मजली इमारत सांभाळते, तुमची ही गाडी काय चीज आहे?" त्याने स्वतः थापीने ती लावायला घेतली. थापी रणगाड्यापेक्षा मोठी होती. एका हातात रणगाडा दिसेनासा झाला, दुसऱ्या हातात टेबलाचा कोपरा. संध्याकाळी सगळं वाळलं आणि खपल्या धरून पडलं. टेबलाच्या कोपऱ्यावरचं तेवढं पडलं नाही. ते आजही तिथे आहे आणि पाहुणे ताट ठेवताना तो कोपरा टाळतात.

ही बातमी समोरच्या दंतवैद्याला लागली. तो जावई-सासू दोघांच्याही दातांचा जुना माहीतगार. "जनरल, तुम्ही आधी माझ्याकडे यायला हवं होतं," तो दुखावल्या सुरात म्हणाला, जणू दाढ दुसरीकडे काढून घेतली होती. दातांचे साचे घेतात तो मसाला त्याने आणला. "एवढा बारीक ठसा घेतो, की जिभेचे काटे मोजून घ्या. फक्त हात भरभर चालवा."

मसाला थापून झाला. प्रश्न रेघांचा आला. साहेबांनी घरातली सगळी दातेरी हत्यारं तपासली. कंगव्याचे दात लांब-लांब, करवतीचे वाकडे, काट्याला तर चारच. शेवटी बाथरूमच्या फळीवर सासूबाईंची जुनी लाकडी फणी दिसली. दात इतके बारीक आणि सारखे, की साहेबांचे डोळे पाणावले. सासूबाई झोपल्या होत्या. त्यांनी फणी उचलली, धुतली आणि रणगाड्याच्या कुशीवर टेकवून खाली ओढली.

पहिली रेघ अप्रतिम आली. दुसरीही. तिसऱ्या वेळी आधीच्या रेघा नीट बघाव्यात म्हणून ते क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात मसाला आवळला. फणी रणगाड्यात रोवून उभी राहिली. साहेबांनी ओढली, तर रणगाडा वर उचलला गेला. दंतवैद्याने एका हाताने रणगाडा आणि दुसऱ्याने फणी धरली, गुडघा खुर्चीला लावला आणि सवयीने म्हणाला, "आ करा."

त्या आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. दारात येऊन त्यांनी आपली फणी पाहिली, ती जिथे होती तिथे. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत. नुसतं मुलीला म्हणाल्या, "माझ्या लग्नातली होती. असू दे. त्यांना खेळायला लागते तर असू दे."

फणीचा चुराडा न होता सुटका झाली, पण साहेबांना आठवडाभर घास गोड लागला नाही. त्यांनी सासूबाईंना नवी फणी आणली. ती त्यांनी न वापरता, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवली.

यानंतर साहेबांनी सल्ला हा प्रकारच बंद केला. मॉडेलवाल्यांची दोन घटकांची मऊ पुट्टी मिळते, जी घाई करत नाही, ती आणली. घड्याळाच्या मोडक्या चाकाचा दातेरी तुकडा काडीला बांधला आणि रोज ऑफिसातून आल्यावर बोटभर पट्टा लावायचा, रेघा ओढायच्या, पुरे, असं चालू केलं. काम करताना त्यांना बोलायची सवय होती. हातात चिमटा आणि तोंडाने इतिहास. कुठल्या कारखान्यात रेघा आडव्या, कुठे चौकटी, दिव्याचं ब्रॅकेट कधी बदललं, तोफेच्या मुळाशी हनुवटीसारखी कड कधी आली, जॅक कुठल्या बाजूला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको लाल पेनाने त्रिकोण कापत असायची. ती हूंसुद्धा म्हणत नसे. साहेबांना त्याचं वाईट वाटे, पण भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून ते पुढचं बोलत.

लेप पूर्ण झाला त्या रविवारी दंतवैद्य फ्रिजवरचं चुंबक घेऊन आला आणि रणगाड्याला लावलं. चुंबक खाली पडलं. "जमलं!" तो ओरडला. ठेकेदारानेही लावून पाहिलं. पडलं. दोघांनी साहेबांशी हस्तांदोलन केलं. साहेबांचा ऊर भरून आला.

"अहो, प्लास्टिकला कुठे चुंबक चिकटतं?" सासूबाई आपल्या खुर्चीतून म्हणाल्या.

आता उरले सुटे भाग. खऱ्या रणगाड्यावर फावडं, कुऱ्हाड, दोरखंड, ते अडकवायचे चाप, जाळ्या, असा बराच संसार असतो. प्लास्टिकचे चाप म्हणजे नुसते फुगवटे. म्हणून साहेबांनी पितळी पत्र्यातून कापलेले, मिठाच्या खड्याएवढे भाग परदेशातून मागवले. पाकीट आलंच नाही. त्याऐवजी कस्टमच्या ऑफिसातून बोलावणं आलं, की आपल्या नावे लष्करी वाहनाचे सुटे भाग आले आहेत, समक्ष हजर व्हावे.

खिडकीमागचे कस्टमवाले शांत स्वभावाचे होते. "वाहन कुठाय?"

"घरी."

"घरी उभं कुठे करता?"

"जेवणाच्या टेबलावर."

कस्टमवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे खेळणं आहे होय? मग तसं सांगा की. खेळणं असेल तर आत्ता घेऊन जा."

आता इथे साहेबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण हे खेळणं नाही, हे सांगण्यात या माणसाचा अख्खा संसार खर्ची पडला होता. सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, जनगणनेला आलेल्या बाईंनाही सांगितलं. ते ताठ झाले. "ही प्रमाणबद्ध प्रतिकृती आहे."

"प्रतिकृती आमच्याकडे बसत नाही. एक तर खेळणं, नाहीतर लष्करी वाहन. लष्करी म्हणत असाल तर संरक्षण खात्याची परवानगी आणा."

साहेब बाणेदारपणे घरी परतले. बाणेदारपणा काही दिवस टिकला. मग उघड्याबोडक्या रणगाड्याकडे बघवेना, म्हणून बुटांच्या खोक्यात कापूस घालून तो पुरावा म्हणून कस्टमच्या ऑफिसात नेला. कस्टमवाल्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद घेतला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तोफ शेजारच्या टेबलाकडे वळवली आणि म्हणाले, "धडाम!" शेजारच्या टेबलावरचे वयस्क गृहस्थ छातीला हात लावून फायलींवर कोसळले.

"बघा," कस्टमवाले म्हणाले, "मी खेळतोय ना? मग खेळणंच."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मागे रांग होती. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आहे."

"काय आहे? मोठ्याने बोला, मागे पंखा फार आवाज करतो."

"खेळणं आहे!" साहेब ओरडले. रांगेतल्या एक बाई चुकचुकल्या.

घरी बायकोने विचारलं, "सोडले का हो भाग?"

"सोडले."

"कसे काय?"

"चर्चेने," साहेब म्हणाले आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

एवढा अपमान गिळून मिळवलेल्या पाकिटातला एकही भाग वाया घालवायचा नाही, असा त्यांनी पण केला. चाप बसवले, जाळ्या बसवल्या. पाकिटात इंजिनाच्या पंख्यावर बसवायचा एक उंच डबाही होता. थंडीत इंजिनाची गरम हवा आत बसलेल्या सैनिकांकडे ढकलणारा हीटर. तोही त्यांनी मोठ्या प्रेमाने बसवला. रंग दिला, चिखल उडवला, गंज चढवला. बायको चहाचा कप ठेवायला आली आणि क्षणभर तिथेच रेंगाळली.

प्रदर्शनाच्या दिवशी साहेब, बायको आणि सासूबाई सकाळीच सभागृहात पोचले. सभागृहात गर्दी होती, पण दोन परीक्षकांपैकी एकजण पोट बिघडल्याने येणार नव्हते, आणि भिंगवाले एकटेच टेबलामागून टेबल बघत येत होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर माळ्याचं दार दिसत होतं.

भिंगवाले आले. वाकले. भिंग लेपावरून इंच-इंच फिरलं.

"सुंदर," भिंगवाले म्हणाले. "इतका चोख लेप मी या सभागृहात पाहिला नाही. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," साहेब म्हणाले, आणि सासूबाईंकडे बघायचं त्यांनी टाळलं.

भिंग मागे सरकलं. इंजिनावर आलं. थांबलं. भिंगवाल्यांच्या चेहऱ्यावर साखरेच्या डब्यात मुंगी दिसलेल्या माणसाचा आनंद पसरला.

"पण हा लेप लावणं चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात बंद झालं. आणि हा हीटर कारखान्याने बसवायला सुरुवात केली ऑक्टोबरात. म्हणजे हा रणगाडा एकाच वेळी सप्टेंबरच्या आधी आणि नंतर जन्मलेला आहे. असा रणगाडा असूच शकत नाही. क्षमा करा, बाद."

दोन्ही गोष्टी साहेबांना पाठ होत्या. एक या पुस्तकातली, एक त्या. फक्त त्या दोघींची त्यांच्या डोक्यात कधी गाठ पडली नव्हती. त्यांनी बुटांचं खोकं शोधायला वाकून टेबलाखाली डोकं घातलं, कारण तेवढीच एक खाजगी जागा तिथे होती.

"एक मिनिट," वरून आवाज आला. आवाज ओळखीचा होता. कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढण्याआधी तो असाच निघायचा. "तुम्ही म्हणता ते कारखान्याचं झालं. गाडी ऑगस्टात बनली, लेप लावून बाहेर पडली. पुढे मार खाल्ला, दुरुस्तीला परत आली, तेव्हा थंडी सुरू झाली होती. दुरुस्तीवाल्यांनी हीटर बसवला. यात अशक्य काय आहे?"

"आपण कोण?"

"मी यांची बायको. भूमिती शिकवते."

"बाई, शक्य आहे म्हणून झालं असं होत नाही."

"तुमच्या घरी गीझर आहे?"

"आहे."

"घर बांधलं तेव्हाच बसवलात?"

"नाही, परवाच्या हिवाळ्यात."

"मग तेव्हा भिंतींचा आधीचा रंग खरवडून काढलात का? की आता ते घर असूच शकत नाही?"

आजूबाजूची माणसं हसली. साहेब टेबलाखालूनच ऐकत होते. हे हसणं वेगळ्या दिशेला चाललं होतं.

"आणि बघायचंच असेल तर नीट बघा," ती पुढे म्हणाली. "दिव्याचं ब्रॅकेट आधीच्या पद्धतीचं आहे. तोफेच्या मुळाशी हनुवटी नाही, ती नंतर आली. म्हणजे अंग सगळं उन्हाळ्यातलं आणि हीटर तेवढा नवा. उत्तर बरोबर आहे, एक पायरी लिहायची राहिलीय. त्याचे गुण कापा, भोपळा कशाला देता? हां, आणि मागचा दोरखंड सैल बसलाय. त्याचा अर्धा गुण मीसुद्धा कापला असता."

साहेब टेबलाखालून बाहेर आले. दिव्याचं ब्रॅकेट! तोफेची हनुवटी! हे सगळं त्यांनीच कधीतरी, कुठल्याशा संध्याकाळी, लाल पेनाच्या कुरकुरीवरून त्या टेबलापलीकडे सांगितलं होतं. तिने एक अक्षर सांडू दिलं नव्हतं. त्यांना इतकं भरून आलं, की बादच काय, पण माळासुद्धा क्षणभर विसरायला झालं.

भिंगवाल्यांनी भिंग खाली सोडलं. मग ते अदबीने म्हणाले, "बाई, आमचे दुसरे परीक्षक आज आलेले नाहीत. आपण बसाल का?"

"बसते की," ती म्हणाली. "लाल पेन आहे माझ्याकडे."

"फक्त एक आहे," भिंगवाले साहेबांकडे वळले. "परीक्षकाच्या घरच्यांना स्पर्धेत भाग घेता येत नाही. नियम आहे. तुमची गाडी मी बाद करत नाही, ती उत्तम आहे. पण ती स्पर्धेतून काढून घ्यावी लागेल."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती एव्हाना पुढच्या टेबलावर वाकून एका गृहस्थाला त्याच्या विमानाच्या पंखांमधला कोन चुकल्याचं समजावत होती. त्यांनी रणगाडा खोक्यात घातला आणि सासूबाईंशेजारच्या खुर्चीत तो मांडीवर घेऊन बसले.

"काही मिळालं का, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग बोलल्याप्रमाणे करा हो," त्या म्हणाल्या, पण खोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

घरी आल्यावर साहेबांनी कपडेही न बदलता शिडी आणली. शब्द म्हणजे शब्द. माळ्याचं दार उघडलं, धुरळा अंगावर घेतला आणि खाली उतरून कपाटाची काच सरकवली. पहिला रणगाडा उचलला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काय करताय?"

"कपाट तुझं झालं. रिकामं करून देतोय."

"माझं झालं ना? मग त्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन." तिने त्यांच्या हातातला रणगाडा घेतला, परत आत ठेवला आणि खोक्यातला पँथर काढून मधल्या फळीवर बरोबर मध्यभागी बसवला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा खुर्चीवर होता तो तिने पलंगावर सरकवला, आणि त्या खुर्चीत बसून ती एकेक रणगाडा उजेडात धरून बघायला लागली. साहेब शिडीला टेकून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या कपाटासमोर कुणी खुर्ची टाकून बसलं नव्हतं.

"हा घ्या," ती एक रणगाडा त्यांच्या हातात देत म्हणाली. "जॅक उलट्या बाजूला लावलाय. दुरुस्त होईपर्यंत हा आत यायचा नाही."

साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच उलट्या बाजूला होता. त्यांनी चिमटा घेतला, दिवा लावला आणि टेबलाशी जाऊन कामाला बसले.